निगुडकरकाकांची शिरगणती

त्या वर्षीच्या सहलीला एकशे बारा माणसं आली होती हे मला पक्कं आठवतं, कारण निगुडकरकाकांनी ती मोजली होती. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळाची सहल म्हणजे तळ्याकाठच्या पार्कातली एक शेड, अॅल्युमिनियमच्या ट्रेमधली पावभाजी आणि "अरे, आईस कोणीच आणला नाही का?" हा दर वर्षीचा आक्रोश. बाकीचे कागदी ताटल्या घेऊन रांगेत उभे होते. काका रांगेबाहेर, एका पाइनखाली, उजव्या हाताची तर्जनी हवेत टोचत उभे होते. एक लहान मुलगी झोपाळ्याचा फटका बसून त्यांच्या पायाशी रडत होती. काकांनी तिला मोजलं आणि ते पुढे गेले.

"एकशे बारा," माझ्याजवळ येऊन ते म्हणाले. "पुणे बेचाळीस, मुंबई एकतीस, म्हणजे ठाणं धरून. नागपूर-अमरावती वीस. बाकी किरकोळ."

"किरकोळ म्हणजे?"

"कोल्हापूर, नाशिक, एक लातूर. शिवाय चार अमराठी जावई आणि दोन सुना. ते सगळे मी वेगळे धरलेत."

"काका, पावभाजी घेतलीत का?"

"ती कुठे पळून जातेय! तू रचना बघ, समीर. रचना!"

'रचना' हा त्यांचा आवडता शब्द. माणसांबद्दल बोलायला लागलं की "माणूस सोड, रचना बघ" म्हणायचे. माणूस त्यांनी फार पूर्वीच सोडला होता. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून ते सत्तरच्या दशकात इथे आले, एका औषध कंपनीत तीस वर्षं गोळ्यांतल्या घटकांचं प्रमाण तपासत बसले आणि निवृत्त झाल्यावर तेच काम त्यांनी माणसांवर सुरू केलं. नावामागचं 'डॉक्टर' मात्र त्यांनी निवृत्त होऊ दिलं नाही. मंडळाच्या पत्रिकेत एकदा ते चुकून राहिलं, तर मला सगळ्यांना दुसरी ईमेल पाठवावी लागली होती. मी मंडळाचा चिटणीस होतो. ते मंडळाचे 'कायम सल्लागार' होते. हे पद त्यांनीच सुचवलं होतं आणि त्यासाठी योग्य माणूसही.

नलिनीकाकूंना मी एकदा विचारलं होतं, की घरीही हे असंच चालतं का. काकू स्वेटर विणत होत्या. टाका न चुकवता म्हणाल्या, "मोजू दे रे त्यांना. मोजताना भांडत नाहीत."

काकांची कीर्ती मात्र सहलीच्या मोजदादीवर उभी नव्हती. ती मॉरिशसवर उभी होती.

आठ दिवसांची एक टूर त्यांनी केली होती. त्यातले पाच दिवस समुद्रकाठच्या हॉटेलात गेले, कारण पॅकेजमध्ये जेवण होतं आणि ते वाया घालवणं काकांना पटलं नाही. उरलेल्या दिवसांत त्यांनी टॅक्सी केली. टॅक्सीवाला तमिळ होता, बोलका होता आणि गिऱ्हाईक ओळखणारा होता. साहेब मराठी आहेत म्हटल्यावर त्याने त्यांना एका मराठी देवळात नेलं. तिथे कोणीतरी चहा दिला, कोणीतरी "नमस्कार, पावणं" म्हणालं आणि काकांना साक्षात्कार झाला. ज्या देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोन तास पुरतात, त्या देशात मराठी माणूस वेगळा मोजला जातो! हिंदू वेगळे, तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे, मुसलमान, चिनी आणि आफ्रिकी वंशाचे क्रिओल वेगळे, आणि त्यांत मराठी म्हणून एक स्वतंत्र फाक. शिवाय गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी.

पुढची आठ वर्षं हे व्याख्यान झालं नाही असा आमचा एकही उत्सव गेला नाही. 'मॉरिशस: एका बहुरंगी राष्ट्राची लोकरचना' असं त्याचं नाव. तिसऱ्या स्लाइडवर एक रंगीत वर्तुळ यायचं. त्यात पिझ्झ्याच्या तुकड्यांसारख्या फाका असायच्या आणि त्यांतली एक, अगदी चिंचोळी, भगव्या रंगाची. काका लेझरचा लाल ठिपका तिच्यावर नेऊन थांबायचे. ठिपका फाकेपेक्षा मोठा होता, त्यामुळे तो आला की फाक दिसेनाशी व्हायची.

"दोन टक्के!" काका म्हणायचे. "पण स्वतंत्र!"

इथे जन्मलेल्या पोरांनी त्यांचं नाव 'टू पर्सेंट काका' ठेवलं. घरातल्या फ्रीजमध्ये त्याच नावाचं दूध असतं, त्यामुळे ते लगेच रुळलं.

त्या वर्तुळाखाली आकडा कुठून घेतला हे कधीच नसायचं, म्हणून मी एकदा थोडं वाचलं. मॉरिशसच्या सरकारने जनगणनेत 'तू कुठल्या समाजाचा' हा प्रश्न विचारणं अर्ध्या शतकापूर्वीच बंद केलेलं आहे. भाषा विचारतात, धर्म विचारतात. जमात विचारत नाहीत. त्यांना त्यातून होणारी भांडणं नको होती. म्हणजे काका ज्या वर्तुळावर लेझर फिरवत होते, ते त्या देशाने स्वतःच पुसून टाकलेलं होतं. मी हे त्यांना सांगितलं.

"बंद केलं?" काका म्हणाले. "चूक केली त्यांनी."

एका सार्वभौम राष्ट्राला दिलेली ही समज ऐकायला तिथे मी एकटाच होतो.

मॉरिशसला ते जमलं, तर नॉर्थ कॅरोलायनाला का नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न. दोन हजार वीसच्या वसंतात इथली जनगणना आली आणि तिच्याबरोबर साथही. लोक दुकानोदुकानी टॉयलेट पेपर शोधत फिरत होते, तेव्हा काका झूमवर आम्हाला फॉर्म कसा भरायचा ते शिकवत होते. फॉर्मवर 'एशियन इंडियन' असा सरळ चौकोन होता. तो सोडायचा. त्याखालचा 'अदर एशियन' धरायचा आणि पुढच्या रिकाम्या ओळीवर 'मराठी' लिहायचं.

"तेलुगू लोक काय करतील माहीत आहे?" काका छोट्या चौकोनातून गरजले. "तेलुगू लिहितील! आणि आपण काय करणार? झोपणार!"

"काका, तुम्ही म्यूटवर नाही आहात," कोणीतरी म्हणालं.

"मला म्यूट नकोच आहे!"

चाळीसेक कुटुंबांनी तसं लिहिलं. माझ्याही बायकोने, शुभदाने, लिहिलं, म्हणाली, "त्यांचा रोज फोन येण्यापेक्षा लिहिलेलं परवडलं." त्या 'मराठी'चं पुढे काय झालं कोणाला कळलं नाही. कुठल्याही तक्त्यात आमची भगवी फाक उगवली नाही. मला वाटतं, वॉशिंग्टनमधल्या कुणा कारकुनाने मुकाट्याने आम्हाला परत 'इंडियन'मध्ये टाकलं असणार.

केतकी ही काकांची एकुलती मुलगी. सिॲटलला असते, मुलांची डॉक्टर आहे, नवरा तिथलाच, गोरा. त्यांना दोन मुली. काकांनी निवृत्तीनंतर निगुडकर घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर काढली आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवली. प्रत्येक नावाखाली जन्मसाल, शिक्षण आणि एक टक्केवारी. सगळ्यांखाली शंभर. केतकीच्या मुलींखाली पन्नास. थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने आईला विचारलं, "मॉम, आजोबा गेव्ह मी अ फिफ्टी. इज दॅट ॲन एफ?"

केतकीने तेव्हाच्या तेव्हा फोन लावला. हे मला काकूंनी सांगितलं.

"बाबा, ती दूध नाहीये," केतकी म्हणाली, "की तिच्या कार्टनवर पर्सेंट छापाल."

"अगं, पण मी चूक काय लिहिलं? गणित बरोबर आहे."

"गणित बरोबर आहे, बाबा." आणि तिने फोन ठेवला. त्यानंतरची दोन वर्षं मुली उन्हाळ्यात इकडे आल्या नाहीत. काका सांगायचे, त्यांना समर कॅम्प असतात.

आणि मग एके दिवशी मॉरिशस स्वतःच कॅरीत आलं.

तिचं नाव देविना सखाराम. वय चाळिशीच्या आतबाहेर, एका लॅबमध्ये विश्लेषक म्हणून नोकरी लागलेली. नवरा मिशेल, मॉरिशसचाच, चिनी वंशाचा, सॉफ्टवेअरमधला. मुलगी एलोडी, आठ वर्षांची. सखाराम हे आडनाव कसं, तर देविनाचा खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेला तेव्हा गोऱ्या कारकुनाने बापाचं नाव विचारून तेच आडनाव म्हणून लिहून टाकलं. ती मंडळाची वेबसाइट बघून गणपतीला आपण होऊन आली होती. मी दारात नावं लिहून घेत होतो. तिने "मॉरिशस" म्हटलं आणि माझ्या मागे काहीतरी पडलं. काकांच्या हातातला लेझर.

त्या दिवशी काकांनी तिला जागेवर बसू दिलं नाही. थेट स्टेजवर. शाल, श्रीफळ. 'मॉरिशसच्या मराठीजनांच्या प्रतिनिधी' अशी ओळख. कोणी कोणाची प्रतिनिधी म्हणून तिला निवडलं होतं हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. एलोडीच्या हातात भगवा झेंडा देऊन फोटो काढला. देविनाला मराठी येत नव्हतं. तिने इंग्रजीत आभार मानले, आपल्या घरी क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून आलेली बोली, बोलतात असं सांगितलं आणि खाली उतरताना नारळ कुठे ठेवावा हे न समजून तो काकांनाच परत दिला.

ती आमच्याकडे आली होती एका कामासाठी, ते तिने जेवताना शुभदाला सांगितलं. ती इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत लिहितो आहे.

तिचे वडील मॉरिशसला सरकारी शाळेत मराठीचे शिक्षक होते. चाळीस वर्षं. तिथे मुलांना पूर्वजांची भाषा म्हणून ती शाळेत शिकता येते. दुसऱ्यांच्या मुलांना त्यांनी ती शिकवली, घरात मात्र कधी काढली नाही. आई क्रिओल होती, घर क्रिओल होतं. आता आई नाही आणि वडिलांची स्मरणशक्ती चालली आहे. आधी इंग्रजी गेली, मग फ्रेंच, आता क्रिओलही अडखळते. राहिली आहे ती वर्गातली मराठी.

"रोज व्हिडिओ कॉल करते," देविना म्हणाली. "त्यांना स्क्रीनवर आम्ही दिसतो आणि त्यांना वाटतं वर्ग भरलाय. एलोडीकडे बोट दाखवून काहीतरी सांगतात. आम्हाला कळत नाही. मग ते फार चिडतात, रडतात, नर्सला आवरत नाहीत." तिने फोनवर एक तुकडा रेकॉर्ड करून ठेवला होता. तो तिने शुभदाला ऐकवला. थरथरता, पण वर्गात शेवटपर्यंत पोचेल असा आवाज: "तू गं, मागच्या बाकावरची. उभी राहा. धडा वाच."

शुभदा आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. तिने ते देविनाला समजावून सांगितलं. देविनाने तो तुकडा पुन्हा एकदा लावला.

"एवढंच? वाचायचंय फक्त?"

"वाचायचंय फक्त."

"मग हिला तुमच्या शाळेत घ्याल? मी मागे बसेन. डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही. सहा महिने, कदाचित वर्ष."

शुभदा म्हणाली, "अगं, त्यात काय, फॉर्म भर." इथे ती चुकली. फॉर्म काकांनी तयार केलेला होता.

आमच्या शाळेची नियमावली त्यांचीच. आई किंवा वडील यांपैकी एकाची मातृभाषा मराठी असली पाहिजे, हा नियम पहिला. वास्तविक शाळेतल्या साठ मुलांपैकी निम्म्यांच्या घरात 'शूज काढ'च्या पुढे मराठी जात नाही. पण आईबाप डोळे झाकून त्या ओळीत 'मराठी' लिहितात, आणि काकाही डोळे झाकून ते वाचतात. या व्यवहारावर शाळा चालते. देविनाने त्या ओळीत 'क्रिओल' लिहिलं. वडिलांच्या ओळीत, मिशेलला विचारून, 'क्रिओल, थोडी हाक्का', म्हणजे एक चिनी बोली.

मी तिला फोन केला. म्हटलं, खोडून मराठी लिहा, कोणी विचारत नाही.

"पण ते खरं नाही," ती म्हणाली.

"इथे सगळेच लिहितात."

"समीर, जनगणनेत विचारत नसले, तरी आमच्या राज्यघटनेत माणसाला अजून चार खणांत टाकतात. हिंदू, मुसलमान, चिनी, आणि या तिन्हींत जे बसत नाहीत ते जनरल पॉप्युलेशन. माझी आई त्या चौथ्यात. ती म्हणायची, बाकीच्यांना जमाती आहेत, लोकसंख्या काय ती आम्हीच. तिच्या भाषेच्या जागी मी दुसरी भाषा लिहू? मुलीला शाळेत घालायला?"

मी तो फॉर्म होता तसाच समितीकडे पाठवला.

समितीची बैठक काकांच्या बेसमेंटमध्ये झाली. आम्ही पाच जण होतो. मंदार देशमुख हा अध्यक्ष, नागपूरचा, तरुण, भला माणूस आणि म्हणून दुबळा. काका, मी, आणि कार्यकारिणीतल्या दोघी, ज्या काकांच्या मताला आपलं मत म्हणत. काकूंनी वरून चिवडा पाठवला होता. देविनाने वडिलांनी फार पूर्वी लिहिलेलं, त्यांच्या कागदांत सापडलेलं एक मराठी पत्र जोडलं होतं. सुरेख, गोल अक्षर, 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' अशी सुरुवात. काकांनी ते तीनदा वाचलं.

"हा अस्सल माणूस," ते म्हणाले. "याचं पत्र मी स्लाइडवर घेणार आहे."

"मग काका, त्यांच्या नातीला घेऊ या ना," मंदार म्हणाला.

"नात वेगळी. रचना बघ. आजोबा शंभर टक्के. देविनाची आई जनरल पॉप्युलेशन, म्हणजे देविना निम्मी. तिचा नवरा चिनी."

"अहो काका, जाऊ द्या ना यार, एकच तर मुलगी आहे."

"एक नाही," काका म्हणाले. "पाव."

चिवड्याचा घास मंदारच्या हातात तसाच राहिला. कोणीतरी हसेल असं मला वाटलं. कोणी हसलं नाही. दोघींपैकी एकीने वहीत काहीतरी लिहिलं.

मी म्हटलं, "काका, ते आजारी आहेत. त्यांना कोणीतरी धडा वाचून दाखवायचाय. बस."

"वाचायला शिकवणारी ॲप्स आहेत, समीर. फ्री आहेत." मग ते पुढे झुकले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की मला जास्त भीती वाटायची. "हे बघ, मला वाईट वाटतंय. माझ्याहून कोणाला मॉरिशसबद्दल आस्था आहे? पण मॉरिशसमध्ये मराठी का टिकली? फाक पातळ झाली तरी तिला कड होती म्हणून. आपण कडच पुसली, तर दोन पिढ्यांनी काय उरेल?"

मला केतकीच्या मुली आठवल्या. या शाळेत निगुडकरांचं कोणीही कधी शिकलेलं नव्हतं, शिकणारही नव्हतं. पण मी ते बोललो नाही. तीन विरुद्ध दोन. नकाराचं पत्र चिटणीस म्हणून मी लिहिलं. 'आपल्या आस्थेबद्दल मंडळ ऋणी आहे' असं एक वाक्य मी त्यात घातलं. मंडळाच्या दफ्तरात ते अजून आहे.

शुभदाने ते पत्र वाचलं. शाळेचा राजीनामा दिला नाही. तिने फक्त बुधवार संध्याकाळ मोकळी केली. आमच्या डायनिंग टेबलावर पहिलीचं पुस्तक उघडलं. एलोडी आणि देविना समोरासमोर बसत. देविनाला 'ळ' म्हणता यायचा नाही आणि मुलगी तिला हसायची. मी डिशवॉशर भरत असे. चवथ्या आठवड्यापर्यंत एलोडी बोट ठेवून अख्खा धडा वाचायला लागली. त्यातलं तिला निम्मंही कळत नव्हतं. शुभदा म्हणाली, आजोबांना कळतंय ना, पुरे.

पहिला कॉल आमच्याच टेबलावरून झाला. पडद्यावर पांढऱ्या केसांचा, पायजम्यातला एक वाळका माणूस. त्याने आमच्याकडे नजर फिरवली, मग बोट उचललं.

"तू गं, मागच्या बाकावरची."

एलोडी खुर्ची मागे सारून उभी राहिली. तिने वाचलं. दोनदा अडली. म्हातारा ओठ हलवत तिच्याबरोबर चालला होता. धडा संपला तसं त्याने मान डोलावली.

"ठीक. बस खाली." मग बोट देविनाकडे वळलं. "आता तू."

देविना, चाळीस वर्षांची, उभी राहिली.

तो हिवाळा त्यांनी तसाच काढला. नर्सने कळवलं की ज्या दिवशी वाचन होतं त्या दिवशी ते जेवतात.

इकडे काकांचं व्याख्यान चालूच होतं. संक्रांतीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. स्लाइडवर आजोबांचं पत्र आलं आणि लेझरचा ठिपका त्या गोल अक्षरांवरून फिरला. पुढच्या स्लाइडवर एलोडीचा झेंडा घेतलेला फोटो. 'मॉरिशस ते कॅरी: मराठीचे भविष्य.' टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं कार्यक्रम संपल्यावर काहीतरी बोलेन. पण तिळगूळ वाटायचा होता, आणि ते वाटणं माझ्याकडेच होतं.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने, कॅरीशेजारच्या मॉरिसव्हिलमधल्या एका भारतीय किराणा दुकानात. पुढच्याच महिन्यात ते अचानक गेले आणि शोकसभेत मंदारने त्यांना 'आपल्या समाजाचा आरसा' म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी ते भेंडीच्या ढिगापुढे उभे होते. एकेका भेंडीचं टोक मोडून बघत, कोवळी पिशवीत टाकत, जून परत ढिगात. मोडलेली सगळी दुसऱ्यांसाठी.

"अरे समीर! त्या सखारामबाई हल्ली दिसत नाहीत."

"त्या गेल्या काका, माँट्रियलला. मिशेलला तिकडे नोकरी मिळाली."

"आणि वडील?"

"मार्चमध्ये गेले. एलोडीचं पहिलीचं पुस्तक वाचून संपलं होतं. दुसरीचं निम्मं झालं होतं."

हे मी मुद्दाम सांगितलं. जरा थांबून, त्यांच्या तोंडाकडे बघत सांगितलं. काय दिसावं अशी माझी अपेक्षा होती, ते मला नीट सांगता येणार नाही. काकांनी भेंडी हातात धरली होती. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकदा त्यांनी वर दिव्यांकडे पाहिलं, ओठ हलले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटतंय हे मला दिसलं.

"म्हणजे कॅरीतले आपले तिघं कमी झाले," ते म्हणाले.

माझा संताप संताप झाला.

"तिघं कसे काका?" मी म्हटलं. "निम्मी, पाव आणि शून्य. तुमच्या हिशेबाने पाऊण."

आता हा माणूस भडकेल, ओरडेल, निदान खाली तरी बघेल, असं मला वाटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच काहीतरी शिकलो होतो, असा कौतुकाचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"बरोबर," ते म्हणाले. "पाऊणच." आणि हलक्या मनाने त्यांनी पुढची भेंडी उचलली.